फलाहारी वटवाघूळ आणि रानससा

भारतीय फलाहारी वटवाघूळ (टेरोपस मेडियस) आणि भारतीय रानससा (लेपस नायग्रिकॉलिस) हे सोलापूर परिसरातील निशाचर, शाकाहारी सस्तन प्राणी होत. वटवाघळाचे पंख पसरल्यावर १.२ ते १.५ मीटर भरतात. वड-चिंचेसारख्या जुन्या झाडांवर ती मोठ्या संख्येने उलटी लटकून दिवस काढतात. ससा मात्र नान्नजसारख्या माळरानावर गवतातल्या उथळ खळग्यात एकटाच दबून बसतो. तो बीळ खणत नाही.

दोघांतील खरा भेद पचनाच्या रीतीत आहे. वटवाघूळ उंबर, वड, पेरू यांची फळे टाळूशी दाबून रस गिळते आणि चोथा थुंकून टाकते. दातांचे ठसे उमटलेले असे चपटे गोळे सकाळी झाडाखाली पडलेले आढळतात. गिळलेल्या बारीक बिया विष्ठेवाटे दूरवर पडून रुजतात आणि माळाच्या कडेला उंबर, वड आपोआप उगवतात. सशाला चोथा थुंकून चालत नाही, कारण गवतात चोथाच अधिक. त्याच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीत, म्हणजे उंडुकात, सूक्ष्मजंतू गवत आंबवतात. तेथून आलेल्या मऊ लेंड्या तो गुदद्वारापाशीच तोंडात घेऊन पुन्हा गिळतो. माळावर दिसतात त्या कोरड्या, गोल लेंड्या वेगळ्या; त्यांत मुख्यतः न पचलेला चोथा असतो.

उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेला की वटवाघळे पंखांनी वारा घेतात व थुंकीने अंग ओले करतात. ससा लांब कानांतील रक्तवाहिन्यांवाटे उष्णता बाहेर टाकतो, पण हवा अंगापेक्षा थंड असेल तेव्हाच.

वटवाघळाच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते आणि सुरुवातीचे काही आठवडे ती ते छातीशी धरून उडते. सशाची पिल्ले डोळे उघडे व अंगावर लव घेऊनच जन्मतात; आई त्यांना गवतात लपवून ठेवते. लांडगा, खोकड यांच्या तोंडी पुष्कळ ससे जातात, तरी त्यांची संख्या लवकर भरून येते. वटवाघळांचे तसे नाही, म्हणून त्यांची वस्ती असलेला वड तोडणे अधिक घातक ठरते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना उपद्रवी ठरवले होते. बिया पसरवणाऱ्या प्राण्यावर हा शिक्का अन्यायाचाच होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच रद्द केली. सशाला मात्र याच कायद्याने संरक्षण दिले आहे, त्यामुळे वाघूर (जाळे) लावून त्याची शिकार करणे गुन्हा आहे.