भ्रष्टाचार आणि सामूहिक सहकार्य

वाटप करण्याचा किंवा दंड ठोठावण्याचा अधिकार असलेल्याने तो विकायला काढला की समाईक कामाला हातभार लावण्याची लोकांची तयारी कमी होते. यात लाचेची रक्कम हे किरकोळ नुकसान. मोठे नुकसान लाच न देणाऱ्यांचे होते.

प्रयोगशाळेत हे 'समाईक निधीच्या खेळा'ने तपासतात. चौघांना प्रत्येकी 20 नाणी देतात. निधीत पडलेली नाणी 1.6 पट करून चौघांत सारखी वाटतात. टाकलेल्या एका नाण्यामागे स्वतःला 0.4 नाणेच परत मिळते, पण सगळ्यांनी सगळी टाकली तर प्रत्येकाच्या 20 ची 32 होतात. सुरुवातीला लोक साधारण निम्मी नाणी टाकतात. फेरीगणिक आकडा घसरतो. फिशबाखर, गेख्टर आणि फेर यांनी 2001 मध्ये दाखवले, की सुमारे निम्मे लोक 'इतर देत असतील तर मीही देतो' अशा वृत्तीचे असतात आणि साधारण एक तृतीयांश फुकटे. फुकट्यांकडे पाहून हे निम्मे हात आखडतात. न देणाऱ्याला दंड करण्याची सोय केली की घसरण थांबते. मायकेल मुथुकृष्ण व सहकाऱ्यांनी 2017 मधील प्रयोगात दंड करणाऱ्या प्रमुखाला लाच घेण्याची मुभा दिली, तेव्हा निधीतले योगदान पुन्हा ढासळले. व्यवहार उघड करण्याचा उपायही सगळीकडे चालला नाही: प्रमुखाचे अधिकार तोकडे असतील तर 'सगळेच खातात' हे कळल्याने लोक उलट आणखी मागे सरले.

महाराष्ट्रातील कालव्यांवर ही साखळी डोळ्यांना दिसते. शेजपाळीत, म्हणजे शेतांना पाळीपाळीने पाणी देण्याच्या पद्धतीत, हंगामापूर्वी नमुना 7 वर पाणीमागणी अर्ज भरायचा, मंजुरीनंतर पाळी ठरते आणि पाणी टेलकडून (कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून) हेडकडे (सुरुवातीकडे) देत यायचे असते. हेडच्या कुणी चिरीमिरी देऊन पाळीबाहेर दार उघडवून घेतले की टेल कोरडा राहतो. टेलचा शेतकरी मग पाणीपट्टी थकवतो. चारी (शेतांपर्यंत पाणी नेणारा छोटा पाट) साफ करायला कुणी येत नाही, गाळ आणि गवताने तिची वहनक्षमता घटते, टेलला आणखी कमी पाणी पोचते. टंचाई वाढली की पाळीबाहेरच्या पाण्याचा भावही वाढतो. चक्र एकदा फिरू लागले की निव्वळ पाटकरी (पाणी सोडणारा माणूस) बदलून ते थांबत नाही.

धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत याच्या उलट बांधलेली होती. एका फडात (शेतांच्या एका गटात) एकच पीक, त्यामुळे कुणाला जास्त पाणी मिळाले हे बांधावरून दिसे. पाणी शेतकरी स्वतः घेत नसे, पाटकरी देई. पिकाची राखण जागल्याकडे. दोघांची नेमणूक लाभधारकांची आणि मोबदलाही त्यांच्याच पिकातून, म्हणून जाब विचारायला तालुक्याला खेटे घालावे लागत नसत.

भ्रष्टाचाराने सहकार्य नेहमीच मोडते असेही नाही. अभ्यासक रॉबर्ट वेड यांना आंध्रातील काही कालवाकाठच्या गावांत गावनिधी आढळला. त्यातून गावाचे समाईक पाणके नेमले जात आणि पाटबंधारे कर्मचाऱ्यांना द्यायचे पैसेही त्यातूनच जात. गावाची एकी टिकली, पण तिची किंमत खालच्या गावांनी मोजली. कर्मचाऱ्यांचा हिस्सा वर अधिकाऱ्यांपर्यंत चढे आणि हव्या त्या जागेवरच्या बदलीसाठी वापरला जाई, त्यामुळे वसुली हा एकट्या माणसाच्या लोभाचा प्रश्न राहत नसे.

सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमाने पाणी एकेका शेतकऱ्याऐवजी पाणी वापर संस्थेला, घनमापाने मोजून देण्याची तरतूद केली. वाटपाचा वाद त्यामुळे संस्थेच्या आत येतो आणि दोन्ही बाजू एकमेकांना ओळखतात. या रचनेचा कमकुवत सांधा म्हणजे चारीच्या तोंडाचे मोजयंत्र. ते गाळात रुतले, मोडले किंवा त्याची नोंद कुणी घेतलीच नाही, तर आकडा अंदाजाने लिहिला जातो, आणि अंदाज म्हटला की घासाघीस आलीच.