वार हात घालून काढायची नसते

"बारा तास झाले, डॉक्टर, हात घालून वार काढाच!" गाय व्याल्यावर वार (पोटातल्या वासराला पोसणारं, व्याल्यानंतर बाहेर पडणारं आवरण) अडकली की गोठ्यात हे अजून ऐकू येतं. जुन्या पशुवैद्यांना कॉलेजात शिकवलेलंही तेच. उजळणी प्रशिक्षणात आधी तेच विसरावं लागतं. गाईची वार गर्भाशयाला शंभराच्या आसपास बटणांसारख्या गाठींनी धरलेली असते. ओढली की तिथे जखमा होतात, जंतू शिरतात, पुढचं गाभण राहणं लांबतं. त्यापेक्षा रोज ताप मोजा. १०३ च्या वर गेला किंवा गाईने वैरण सोडली, तर डॉक्टरांकडून औषध. एरवी वार आठ-दहा दिवसांत आपोआप गळते. वास येतो, तो सोसायचा. लोंबत्या वारेला दगड (कुठेकुठे चप्पलसुद्धा!) बांधू नका.

घोडीचं मात्र वेगळं: तीन तासांत वार पडली नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन. उशिरात खुरं सुजतात, जीवही जातो.