शून्य पूर्णांक तीनचा घोळ जावास्क्रिप्टचा नाही

'जावास्क्रिप्टला साधी बेरीज येत नाही' हा या प्रोग्रॅमिंग भाषेवरचा विनोद इतकी वर्षं फिरतोय की नवशिक्यांना तो खराच वाटतो. पुरावा ठरलेला: ०.१ + ०.२ केलं की उत्तर येतं ०.३०००००००००००००००४, आणि ०.३ शी तुलना केली की 'असत्य'.

आता हेच पायथनमध्ये करा, जावामध्ये करा. तेच उत्तर. सी भाषेत नेहमीच्या पद्धतीने छापलं तर ०.३००००० दिसतं खरं, पण ती सहाच अंक दाखवते, झाकली मूठ!

मूळ आहे संगणकात अपूर्णांक कसे साठवायचे हे ठरवणाऱ्या, १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या मानकात. त्यानुसार अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ५३ बिटांच्या (अशा ५३ अंकांच्या) अचूकतेने साठवतात. एक तृतीयांश दशमानात लिहायला गेलं की ०.३३३… संपतच नाही ना? द्विमानात एक दशांशाचं तसंच होतं. म्हणून ०.१ खऱ्यापेक्षा किंचित मोठा साठतो, ०.२ सुद्धा, आणि ०.३ मात्र किंचित लहान. बेरीज करण्याआधीच गडबड झालेली असते. ०.५ + ०.२५ करून बघा, ०.७५ शी चोख जुळेल, कारण हे अर्ध-पाव द्विमानात नेमके बसतात.

जावास्क्रिप्टमध्ये तुलना करताना दोनऐवजी तीन बरोबरची चिन्हं टाकायचा सल्लाही इथे फुकट. ती मूल्यासोबत फक्त प्रकारही (संख्या की मजकूर) तपासतात, आणि इथे दोन्हीकडे संख्याच आहेत. त्यापेक्षा दोन्ही संख्यांतला फरक ठरावीक छोट्या मर्यादेपेक्षा कमी आहे का, ते तपासा. पैशांचा हिशेब असेल तर सरळ पैशांतच ठेवा: १२.५० रुपये म्हणजे १२५० पैसे.