क्रिएटिनीनचं राहू द्या, पोटॅशियम किती?

किडनीच्या पेशंटला बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "क्रिएटिनीन (किडनी थकली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) किती आलं?" आठ, दहा, बारा. आकडा ऐकून माणसं माना हलवतात, मग चहा येतो. खरं तर डायलिसिसवरच्या माणसाचं क्रिएटिनीन १० असणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे रातोरात कोणी दगावत नाही. दगावतो तो रक्तात वाढलेल्या पोटॅशियमने, आणि त्याची चौकशी क्वचितच कोणी करतं.

समजा, कुडाळजवळच्या एखाद्या वाडीत गणपतीचे दिवस आहेत. घर चाकरमान्यांनी भरलेलं. मंगळवारची डायलिसिसची पाळी "एका दिवसाने काय होतंय" म्हणून चुकली. शुक्रवारी सकाळी माणूस खाटेवरून उठायला जातो तर पाय उचलत नाहीत. "पायात जीवच नाय," म्हणतो. ताप नाही, छातीत दुखत नाही. थकवा असेल म्हणून घरातलं कोणीतरी प्रेमाने शहाळं फोडतं. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि अशा पेशंटला अख्ख्या दिवसात मुभा असते ती दोन-अडीच ग्रॅमची. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. याची लघवीच बंद आहे.

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत लिटरमागे १४० मिलिमोलच्या आसपास, बाहेर रक्तात जेमतेम ३.५ ते ५. हृदयाचा प्रत्येक ठोका या तफावतीवर चालतो. कोकणात खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून खारबांध घालतात, तसा पेशीचा पडदा हा फरक राखून असतो. बाहेरची पातळी ७ वर गेली की स्नायू ढिले पडतात, हृदयातले विजेचे संदेश रेंगाळतात आणि ठोका कधीही थांबू शकतो. दुखत काहीच नाही, हाच यातला घात.

म्हणून जाणता डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता आधी ईसीजी काढतो. टी नावाची लाट एरवी बुटकी, गोलसर असते. ती तंबूसारखी टोकदार होते. पुढे सगळ्या रेषा रुंदावत जातात आणि शेवटी नुसती नागमोडी लाट उरते. मात्र ईसीजी साधा दिसला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. काहींच्या बाबतीत तो शेवटपर्यंत गप्प राहतो.

उपचारात पहिलं इंजेक्शन कॅल्शियमचं. ते दोन-तीन मिनिटांत काम करतं, पण पोटॅशियम कणभरही कमी करत नाही. ते फक्त बांधाला टेकू देतं, भरती तशीच असते. हा टेकू टिकतो अर्धा ते एक तास. मग ग्लुकोजसोबत इन्सुलिन. ते पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं, चार ते सहा तासांपुरतं. (किडनी बंद असली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे नंतर साखर घसरते; ती तपासत राहावी लागते.) दम्याला देतात तेच साल्ब्युटामॉल वाफेतून दिलं तरी असाच परिणाम होतो. पण शेवटी पोटॅशियम शरीराबाहेर काढायचं तर डायलिसिसच हवं. बाकी सगळी उधारी.

कोकणात ही उधारी रस्त्यावर फेडावी लागते. जवळच्या केंद्रात मशीन रिकामं नसलं की गाडी कोल्हापूरकडे किंवा गोव्याकडे निघते. पावसात करूळ किंवा आंबोलीचा घाट, पुढे ट्रक. कॅल्शियमचा असर तासाभरात उतरतो आणि कोल्हापूर त्याहून लांब आहे. म्हणजे वाटेत दुसरा डोस देणारं कोणीतरी सोबत हवं. माझ्या मते कोणतं हॉस्पिटल गाठायचं, याच्याइतकाच हाही विचार महत्त्वाचा आहे.

डायलिसिसमधला लांबलेला खाडा जीवघेणा असतो याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या सुमारे ३२,००० डायलिसिस पेशंटांच्या नोंदींवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांत, दोन दिवसांच्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळलं. आपल्याकडे कित्येक जण आठवड्यातून दोनदाच घेतात.

दुसरं संकट पाण्याचं. सुकं बांगडं, सोडे, लोणचं यांतल्या मिठाने तहान लागते, प्यालेलं पाणी बाहेर जात नाही आणि फुप्फुसात साचतं. असा माणूस रात्री आडवा होऊ शकत नाही, खाटेच्या कडेला बसून धापा टाकतो. गाडीत त्याला "आराम पडेल" म्हणून झोपवणं म्हणजे बुडवणंच, बसवूनच न्यायचं. लघवी होण्याचं इंजेक्शनही लघवीच होत नसलेल्याला फारसं उपयोगी नाही. ऑक्सिजन, मास्कमधून दाबाने हवा, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, आणि पुन्हा मशीन. मीठ कमी करायचं म्हणून काही जण 'लो सोडियम' मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियमच घातलेलं असतं. आगीतून फुफाट्यात.

आणि एक खास आपल्या परसातलं फळ : करंबळ. पाच धारांचं, आडवं कापलं की चांदणी दिसते ते. पोर्तुगिजांनी 'कारांबोला' हा शब्द मराठीतूनच उचलला. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन हे विष २०१३ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी ओळखलं. चांगली किडनी ते सहज बाहेर टाकते. निकामी किडनीच्या माणसाला मात्र एखाद्या फळानंतरही न थांबणारी उचकी, उलट्या, भ्रम, मग फिट्स येऊ शकतात. उचकीला कोणी घाबरत नाही, साखर खायला देतात. डायलिसिसवरच्या माणसाला करंबळ खाल्ल्यावर उचकी लागली तर गाडी काढायची.

हॉस्पिटलात पोचल्यावर आधी सांगायचं ते इतकंच : शेवटचं डायलिसिस कोणत्या वारी झालं, वजन किती वाढलंय आणि फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) कोणत्या हाताला आहे. त्या हातावर बीपीचा पट्टा नको, सलाईन नको. फिस्टुलातून रक्त उडू लागलं तर वर टॉवेलाचे वेढे गुंडाळू नका. रक्त आत मुरत राहतं आणि दिसत नाही. जिथून उडतंय त्याच टिंबावर बोट घट्ट दाबून धरा, आणि गाडी येईपर्यंत बघायलासुद्धा उचलू नका.