मासा कोणाचा? मालवणची रापण, रशियाचे देवमासे आणि बोटीचा हप्ता

लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढायला मी पण जायचो. पहाटे होडी जाळं सोडत सोडत अर्धगोल फिरून यायची, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर, आणि मग दोन्हीकडून तीस-चाळीस माणसं ओढायला लागायची, म्हातारे, बाया, पोरं सगळे. ज्याने दोराला हात लावला त्याला शेवटी थोडे का होईना पेडवे नाहीतर बांगडे मिळायचेच, दप्तर वाळूत टाकून आलेल्या मला पण मिळायचे. मोठा वाटा अर्थातच रापण संघातल्या घरांचा, कारण जाळं त्यांचं, होडी त्यांची आणि पावसाळ्यात ते जाळं सांधत बसणारे हात पण त्यांचेच.

पुढे कॉलेजात समाजवाद आणि भांडवलशाही यांच्यावरचे वाद ऐकले, कारखाना खासगी असावा की सरकारी, नफा शेठचा की कामगाराचा, सरकारने किती हात घालावा वगैरे, आणि दरवेळी माझ्या डोक्यात एकच यायचं की ह्या सगळ्यात आमची रापण कुठे बसते? जाळ्याचे मालक तेच, मजूर पण तेच, आणि ज्याच्यातून माल काढायचा तो समुद्र कोणाच्या नावावरच नाही. म्हणून ह्या दोन व्यवस्था तपासायला मला गिरणी किंवा पोलादाच्या कारखान्यापेक्षा मासा बरा वाटतो. मासा स्वतःहून वाढतो, पण त्याच्या वाढीला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा ना शेठ बदलू शकतो ना सरकार.

आधी माशाचं गणित बघू. समजा एखाद्या समुद्रात जास्तीत जास्त १००० टन बांगडा मावतो. पूर्ण १००० टन भरलेला असेल तर वाढ जवळजवळ शून्य, कारण खाणं सगळ्यांना पुरत नाही. अगदी ५० टन उरला असेल तरी वाढ कमीच, कारण अंडी घालणारेच थोडे. वाढ सगळ्यात जोरात होते ती मधे कुठेतरी, साध्या गणिताप्रमाणे निम्म्यावर, म्हणजे ५०० टनाच्या आसपास. तेवढा मासा पाण्यात ठेवून वर्षाची वाढच फक्त काढली तर पिढ्यानपिढ्या खाता येतं, खरा समुद्र यापेक्षा बराच गुंतागुंतीचा असतो पण मूळ तत्त्व हेच.

आता यात माणूस घाला. १९५४ साली स्कॉट गॉर्डन नावाच्या कॅनडातल्या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं की समुद्र सगळ्यांना मोकळा असेल तर बोटी निम्म्यावर थांबत नाहीत. एका बोटीला फायदा होताना दिसला की दुसरी येते, मग तिसरी, आणि हे चालूच राहतं जोपर्यंत डिझेल-बर्फाचा खर्च आणि विक्रीचे पैसे सारखे होत नाहीत. तोपर्यंत मासा खूप कमी झालेला असतो आणि कोणाला फायदा पण उरत नाही. यात कोणी हावरट असायची गरज नाही हे महत्त्वाचं आहे, कारण आज मी बांगडा सोडला तर तो माझ्यासाठी वाढत राहणार नाही, बाजूची बोट घेऊन जाणार, त्यामुळे शहाणा माणूस पण धरतोच. पुढे १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने हीच गोष्ट सार्वजनिक कुरणाच्या उदाहरणाने जगभर पोचवली आणि उपाय म्हणून दोन रस्ते सांगितले, एक तर वाटून खासगी करा नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. म्हणजे पुन्हा तेच दोन पक्ष. आणि समुद्रावर ह्या दोन्हींची परीक्षा झालेली आहे.

सरकारी बाजू आधी घेतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत युनियनने अंटार्क्टिकाकडच्या समुद्रात देवमासे मारायला मोठमोठे ताफे पाठवले, पहिला ‘स्लावा’ १९४६ मध्ये. त्यात शेठ कोणी नाही, बोट सरकारची, खलाशी सरकारी नोकर, नफ्यासाठी धावणारा कोणीच नाही. पुस्तकी हिशेबाने इथे देवमासा वाचायला हवा होता, कारण मालक एकच आणि तो पण सगळ्या समाजाच्या वतीने. पण प्रत्येक ताफ्याला वरून टार्गेट यायचं, इतका माल आणा, टार्गेट पूर्ण केलं तर बोनस, आणि यावर्षी जास्त आणलं तर पुढच्या वर्षीचं टार्गेट आणखी वर. देवमासे कमी झाले तरी आकडा खाली येत नव्हता. १९५९-६० आणि १९६०-६१ ह्या फक्त दोन सीझनमध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दक्षिणेला त्यांनी जवळपास २५,००० हंपबॅक देवमासे मारले. घाई इतकी की कित्येकदा चरबीचा थर काढून बाकीचा देह समुद्रात सोडून द्यायचे. दक्षिण गोलार्धातले एकूण हंपबॅक त्यांनी मारले ४८,००० च्या वर, देवमाशांच्या शिकारीवर नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला कळवले २,७१०.

हे बाहेर आलं १९९३ मध्ये, सोव्हिएत युनियन फुटल्यावर, अलेक्सेई याब्लोकोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाने आणि काही सहकाऱ्यांनी उघडपणे सांगितलं तेव्हा. दिमित्री तोर्मोसोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने खऱ्या नोंदींची कार्डं घरच्या बटाट्याच्या तळघरात जपून ठेवली होती. म्हणजे बोटीवर असलेल्या शास्त्रज्ञांना सगळं समजत होतं, पण बोलायला जागाच नव्हती. ना दुसरा मालक, ना स्वतंत्र युनियन, ना पेपर, ना कोर्ट. मला ह्या सगळ्या प्रकरणात ही तळघराची गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

पण म्हणून खासगी बाजूने खूश व्हायचं कारण नाही. त्याच अंटार्क्टिकाच्या पाण्यात १९३०-३१ च्या एका सीझनमध्ये जवळजवळ ३०,००० निळे देवमासे मारले गेले आणि ते मुख्यतः नॉर्वे आणि ब्रिटनच्या कंपन्यांनी, शुद्ध नफ्यासाठी, तेलासाठी. आणि कॅनडाच्या न्यूफाउंडलँडची कॉड माशाची गोष्ट तर माझ्या मते प्रत्येक बंदरावर सांगायला हवी. तिथला कॉड पाचशे वर्षं जगाने खाल्ला. मग फॅक्टरी ट्रॉलर आले, म्हणजे मागे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी, पकडणं, कापणं, गोठवणं सगळं बोटीवरच, आणि त्यात पश्चिमेचे पण होते आणि सोव्हिएत, पूर्व जर्मनीचे पण, एकाच पाण्यात शेजारी शेजारी, झेंडे वेगळे आणि जाळी सारखी. १९६८ मध्ये एका वर्षात ८ लाख टनांच्या वर कॉड निघाला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द लावून परदेशी बोटी हटवल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं वाचलो, पण मग सरकारच्या मदतीने कॅनडाच्याच कंपन्यांनी ट्रॉलर वाढवले. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांनी धरणारे मच्छीमार म्हणत होते की मासा लहान येतोय, कमी येतोय. सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज मात्र बराच वर होता, कारण ट्रॉलरला मासा मिळतच होता. कॉड कमी झाला तरी उरलेला एकत्र गोळा होतो आणि यंत्रवाली बोट बरोबर त्या गोळ्यावर जाते, त्यामुळे तिच्या जाळ्यावरून समुद्राचा अंदाज काढला की चूक होते. २ जुलै १९९२ ला सरकारने कॉड पकडायला बंदी घातली आणि पावणेसहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या प्रांतात ३०,००० च्या वर माणसांचं काम एका फटक्यात गेलं. ती बंदी औपचारिकपणे उठली २०२४ मध्ये, तीसुद्धा अगदी छोट्या कोट्यावर.

आता आपल्याकडे या. भारतात मासेमारीला इंजिन आणलं ते बऱ्याच अंशी सरकारने, पंचवार्षिक योजनांच्या काळात. केरळात १९५३ पासून नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प सुरू झाला, गरीब मच्छीमाराला चांगली बोट मिळावी म्हणून, पण कोळंबीला परदेशात भाव मिळायला लागला आणि बघता बघता ट्रॉलर वाढले, त्यात मासेमारीशी संबंध नसलेल्यांचा पण पैसा आला. महाराष्ट्रात सहकारी सोसायट्या, राष्ट्रीय सहकार विकास निगमची कर्जं, डिझेलवरचा परतावा. हेतू समाजवादी, पद्धत सहकाराची, आणि शेवटी पाण्यात उतरली ती एकेका मालकाची बोट. ह्याला कुठलं लेबल लावायचं ते तुम्हीच ठरवा, मला तरी ही दोघांची सरमिसळ वाटते.

मग पर्ससीन आलं. नाडीचा बटवा असतो ना तसं हे जाळं, बांगड्याच्या किंवा तारलीच्या थव्याभोवती गोल टाकायचं आणि खालची नाडी खेचून तळ बंद करायचा, अख्खा थवा आत. रापणीला थवा किनाऱ्यापर्यंत यायची वाट बघावी लागते, पर्ससीन त्याला बाहेरच गाठतं, आणि बाहेर गाठला की किनाऱ्यावर यायला काही उरत नाही. गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकात यावरूनच मोठं आंदोलन केलं, मालवणपासून रत्नागिरीपर्यंत तो संघर्ष अजून चालू आहे.

इथे मजुरीचा भाग नीट बघायला हवा, कारण जाळं बदललं की कामगाराचं नातं पण बदलतं. जुन्या पद्धतीत वाटा असायचा. आलेल्या माशाच्या पैशातून खर्च काढायचा, मग काही वाटे होडी-जाळ्याचे, बाकीचे माणसांचे, तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, थोडा जास्त, गावागावात हिशेब वेगळा. मासा आला नाही तर सगळ्यांचेच हात रिकामे. मोठ्या बोटीवर आता बऱ्याच ठिकाणी खलाशी पगारावर असतो, सीझनआधी ॲडव्हान्स घेऊन आलेला, कोणी नेपाळचा, कोणी कर्नाटकचा. त्याला महिन्याचा पैसा मिळतो हे चांगलंच आहे, पण पुढच्या वर्षी इथे बांगडा असेल की नाही याच्याशी त्याचा संबंध तुटतो, तो दुसऱ्या बंदरावर जाईल. आणि मालकाची पण बाजू आहे, हे मी मनापासून लिहितोय, कारण त्यातले कित्येक आपल्याच वाडीतले आहेत, दागिने मोडून, कर्ज काढून बोट बांधलेली. मासा कमी झाला म्हणून बँकेचा हप्ता कमी होत नाही. हप्ता भरायचा तर जास्त लांब जायचं, मासा गोळा करायला जास्त दिवे, जास्त बारीक जाळं.

माझं म्हणणं इथेच आहे. रशियन ताफ्याचं टार्गेट आणि आपल्या बोटीचा हप्ता, हे दोन्ही आकडे जमिनीवर ठरलेले. मासा किती आहे हे त्या आकड्याला कधी कळतच नाही. एक मंत्रालयातून येतो, एक बँकेतून, पण पाण्यात उतरल्यावर दोन्ही माणसाकडून एकच काम करून घेतात. म्हणून बोट कोणाच्या नावावर आहे एवढ्यावरून मला काही कळत नाही, मी आधी विचारतो की समुद्रातली बातमी ह्या आकड्यापर्यंत पोचते का, आणि मासा संपला की उपाशी राहणारा माणूस ती बातमी मोठ्याने सांगू शकतो का.

सरकारचा हात नको असं मात्र मी म्हणणार नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनच्या परवान्यांवर आणि दिवसांवर मर्यादा आणली, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे गोळा करायला बंदी घातली, १ जून ते ३१ जुलै बोटी बंदरात असतात. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोनने नजर ठेवणं पण सुरू झालं. कायदे बरेच आहेत. रात्री वाळूवर उभं राहिलं तर समुद्रात उजेडाच्या रांगा दिसतात, त्या पण आहेत.

मधला एक रस्ता एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवला, २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली ही पहिली बाई. त्यांनी जगभरची गावं अभ्यासली जिथे लोकांनी स्वतःच नियम करून पाणी, जंगल, मासे टिकवले, ना खासगी करून ना सरकारला देऊन. तुर्कस्तानातल्या अलान्या गावात मच्छीमारांनी जाळं लावायच्या सगळ्या जागांना नावं देऊन यादी केली, सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकायच्या, आणि मग जानेवारीपर्यंत रोज प्रत्येकाने एक जागा पूर्वेला सरकायचं, नंतर पश्चिमेला, म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. यादीची एक प्रत नगराध्यक्षाकडे, एक पोलिसाकडे. नियम गावाचा, आणि सरकार त्याच्या पाठीशी. आइसलँडने वेगळा रस्ता घेतला, १९९१ पासून कोटा, म्हणजे मासा पकडायचा ठरलेला हिस्सा, विकता येतो, मासा बराच सावरला, पण कोटे हळूहळू थोड्या कंपन्यांकडे गेले आणि छोट्या गावांतली बंदरं ओस पडली. तो निकाल मला आपल्याकडे नको वाटतो, कारण इथे एकेका वाडीची अख्खी वस्ती एका पुळणीवर जगते.

गेल्या मे महिन्यात मी अलान्याची गोष्ट ओळखीच्या एका जुन्या तांडेल काकांना सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही, रापणीच्या पाळ्या अशाच असतत म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून विचारलं, “आणि भायरची बोट रात्री इली तर?” मी म्हटलं, म्हणून तर यादी पोलिसाकडे देतात. काका म्हणाले, “मगे ह्या पण लिही, बोट पकडली तर ती कोणाची ता आमकां कळाक होया.”