शेंबूड हिरवा झाला म्हणजे नक्की काय झालं?

सर्दीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस मेडिकलच्या काउंटरवर येतो, मोबाईल पुढे करतो आणि त्यात रुमालाचा फोटो असतो. "बघा, हिरवं पडतंय, आता अँटिबायोटिक द्याच." काउंटरच्या आतल्या बाजूला मी बरीच वर्षं काढली आहेत आणि ही समजूत जितक्या वेळा भेटली तितकी दुसरी कुठलीच नाही. पांढरं म्हणजे साधी सर्दी, पिवळं म्हणजे इन्फेक्शन आणि हिरवं म्हणजे बॅक्टेरिया नक्कीच, असं शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. हे चूक आहे एवढं सांगून भागत नाही, कारण समोरचा लगेच विचारतो की मग तो रंग येतो कुठून? आणि त्याचं उत्तर मला इतकं आवडतं की त्यासाठीच हे लिहायला बसलेय.

सर्दीतला हिरवा रंग जंतूंचा नसतो, आपलाच असतो.

पांढऱ्या पेशी शाळेत सगळ्यांनी ऐकल्यात. त्यात संख्येने सगळ्यात जास्त असतात त्या न्यूट्रोफिल. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत त्या रोज साधारण दहा हजार कोटी तयार होतात आणि त्यांचं आयुष्य तासांत, फार तर थोड्या दिवसांत मोजायचं. नाकाच्या अस्तरात काही घुसलं की तिथल्या पेशी रसायनं सोडून हाका मारतात, आणि न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटींतून अंग चोरून बाहेर पडतात आणि तिथे पोचतात. त्यांच्या पोटात बारीक दाणे असतात आणि त्या दाण्यांत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं असतं, इतकं की न्यूट्रोफिलच्या कोरड्या वजनाचे जवळपास ५ टक्के. आणि हे एन्झाइम स्वतःच हिरवं आहे! १९४१ मध्ये स्वीडनच्या शेल आग्नर यांनी ते वेगळं काढलं तेव्हा त्यांनी त्याला नावच व्हर्डोपेरॉक्सिडेज दिलं होतं, व्हर्डो म्हणजे हिरवं.

आता गंमत बघा. हिमोग्लोबिन लाल दिसतं ते हीम नावाच्या कड्यामुळे, मधोमध लोखंडाचा एक अणू बसवलेलं कडं. मायलोपेरॉक्सिडेजमध्येही तसंच हीम आहे, लोखंडही तेच. मग एक लाल आणि एक हिरवं का? तर हिमोग्लोबिनमध्ये ते कडं लोखंडाच्या आधाराने प्रोटीनच्या खाचेत बसलेलं असतं, पण मायलोपेरॉक्सिडेजमध्ये प्रोटीनने त्या कड्याला तीन ठिकाणी पक्के रासायनिक बंध घालून जखडलेलं असतं, त्या ओढाताणीत कडं जरा वाकतं, त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या सरकतात आणि ते निळ्याबरोबर लाल प्रकाशही गिळायला लागतं. रंग म्हणजे शेवटी गिळून उरलेला प्रकाश. निळा गेला, लाल गेला, उरला हिरवा.

आणि ही जखडाजखडी कशासाठी, तर त्यामुळे या एन्झाइमला एक असं काम जमतं जे साध्या हीमला जमत नाही. न्यूट्रोफिल जंतूला गिळून एका पिशवीत कोंडते, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि हे एन्झाइम ते पेरॉक्साइड आणि मिठातला क्लोराइड वापरून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. म्हणजे फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये जंतू मारणारा जो पदार्थ असतो तोच, एका पेशीच्या पोटात, लागेल तेव्हा, लागेल तेवढा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला हेच सांगत होते.

मुद्दा असा की न्यूट्रोफिल व्हायरसच्या सर्दीतही येतात. येतात, लढतात, मरतात, फुटतात आणि ते हिरवं एन्झाइम शेंबडात मिसळतं. थोड्या असल्या तर पिवळसर, जास्त असल्या तर हिरवं. म्हणून साध्या सर्दीत पहिले दोन-तीन दिवस पाण्यासारखं वाहतं, मग घट्ट आणि रंगीत होतं, आणि रात्रभर साचल्यामुळे सकाळी सगळ्यात गडद दिसतं. रंगावरून कळतं ते फौज किती आली आणि किती वेळ साचली एवढंच, शत्रू कोण ते नाही. आणि शत्रू व्हायरस असेल तर अँटिबायोटिकने त्याचं काहीही बिघडत नाही, बिघडलं तर आपलं पोट बिघडतं आणि वर औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात.

जाता जाता, इम्युनिटी बूस्टर म्हणून ज्या गोळ्या आणि पावडरी खपवल्या जातात त्याबद्दल. वाहणारं नाक, ताप, हा हिरवा रंग, हा सगळा त्रास बहुतांशी इम्युनिटीनेच केलेला असतो. ती खरोखरच बूस्ट झाली तर शेंबूड वाढेल, कमी होणार नाही. मी हे लोकांना सांगते आणि तरी ते डबा घेऊन जातात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक अपवाद सांगायलाच हवा. ज्यांना आधीपासून सीओपीडी आहे, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात, त्यांची धाप नेहमीपेक्षा वाढली, बेडका जास्त पडायला लागला आणि त्याचा रंगही पालटला, तर तिथे रंगाला किंमत आहे आणि डॉक्टर अँटिबायोटिकचा विचार करतात.

बाकीच्यांच्या बाबतीत मी रंग सोडून दिवस विचारते. साध्या सर्दीनंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो, लोकांची अपेक्षा मात्र आठवड्याभरात जायला हवा अशी, त्यामुळे आठव्या दिवशी माणूस घाबरतो. मग बघायचं की रोज थोडं थोडं कमी होतंय का. १० दिवस झाले तरी नाक-चेहऱ्याचं दुखणं जरासुद्धा हललं नाही, किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटायला लागलं आणि मग अचानक ताप उलटला, गालाचं हाड ठणकायला लागलं, तर सायनसमध्ये बॅक्टेरिया शिरलेले असू शकतात, पुढे पाठवायचं. डोळ्याभोवती सूज आली तर त्याच दिवशी. खोकल्याला दोन आठवडे उलटले आणि जोडीला वजन घटतंय, रात्री घामाने अंथरूण भिजतंय किंवा बेडक्यात रक्त दिसलं तर टीबीची तपासणी हवीच, आणि जिथे टीबी बराच आहे तिथे नुसत्या दोन आठवड्यांच्या खोकल्यावरसुद्धा बेडका तपासून घ्यावा, अंगावर काढू नये.

लहान मुलांत तर श्वास मोजावा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे. मोजणी तिथवर पोचली किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, मग शेंबूड कुठल्याही रंगाचा असो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर नाक कोरडं असलं तरी थांबायचं नाही. म्हाताऱ्या माणसांचं उलटं, न्यूमोनिया असून कधीकधी ताप नसतो, नुसते असंबद्ध बोलायला लागतात.

आणि पांढरं, पारदर्शक म्हणजे बिनधास्त, हेही खोटं. डोक्याला मार लागल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं काही टपकतंय आणि खाली वाकलं की वाढतंय तर तो मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो, तिथे सर्दीची गोळी द्यायची नसते, हॉस्पिटलला न्यायचं असतं.

सगळ्यात जास्त भीती मला किमो चालू असलेल्या पेशंटची वाटते. किमोने मज्जेचं काम मंदावतं, डोसनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत न्यूट्रोफिल तळाला जातात, आणि न्यूट्रोफिलच नाहीत म्हटल्यावर पू होत नाही आणि हिरवा रंगही येत नाही. नाक स्वच्छ, घसा जरासा लाल, "थोडी कणकण आहे, तापाची गोळी द्या" म्हणून नातेवाईक येतात. गोळी देण्याआधी मी ताप मोजायला लावते, कारण गोळीने आकडा झाकला जातो. ३८ भरला की कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन आणि लगेच हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी.