पेज कॅशमधलं झाड कसं ठरलं

फाइल वाचायला मागितली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, थेट डिस्ककडे धावत नाही. हवा तो तुकडा मेमरीत आधीच पडून आहे का, हे आधी बघतो. हे तुकडे म्हणजे पेज, बहुतेक मशीनवर ४ केबीची, आणि त्यांचा साठा म्हणजे पेज कॅश. कोणत्या फाइलचं कितवं पेज कुठे आहे, याची नोंद ठेवायची लिनक्समधली रचना गेल्या पंचवीस वर्षांत बरीच बदलली.

अशा नोंदींसाठी झाडांची, म्हणजे फांदीफांदीने उतरत शोधायच्या रचनांची, टंचाई कधीच नव्हती. एव्हीएल १९६२ पासून होतं, बेयर आणि मॅक्क्राइट यांचं बी-ट्री सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलं, आणि रेड-ब्लॅक झाडाला १९७८ मध्ये ग्विबास व सेजविक यांनी आजचं नाव-रूप दिलं. पुस्तकात यांची तुलना मुख्यतः एकाच गोष्टीवर होते: शोधताना किती पायऱ्या उतराव्या लागतात. कर्नलमध्ये मात्र पायऱ्यांपेक्षा लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कुलपं, महाग पडतात.

लिनक्स २.४ मध्ये तर झाडच नव्हतं. सगळ्या फाइलींची पेजं एकाच हॅश टेबलात (गणिताने खण ठरवणाऱ्या तक्त्यात) आणि त्यावर एकच लॉक. एका प्रोसेसरवर हे खपून जातं. आठ प्रोसेसर असले की सगळे त्याच दारात ताटकळतात. शिवाय हॅशमध्ये क्रम नसतो, त्यामुळे फाइलची बदललेली पेजं ओळीने डिस्कवर उतरवायची तर त्यासाठी वेगळ्या याद्या सांभाळाव्या लागत.

२००२ मध्ये, २.५ च्या विकासमालिकेत, प्रत्येक फाइलला स्वतःचं रॅडिक्स झाड मिळालं. यात तुलना नसतेच. पेजचा क्रमांक हाच पत्ता. एका नोडला, म्हणजे झाडातल्या एका गाठीला, साधारणपणे ६४ खण, म्हणजे क्रमांकाचे ६ बिट संपले की एक पातळी उतरायची. फाइलमधला १,००,००,००० वा बाइट घ्या. ४०९६ ने भागलं की पेज २४४१. ते ६४ ने भागलं की ३८, बाकी ९. वरच्या नोडचा ३८ वा खण, खालच्या नोडचा ९ वा, की पेज हाती. दोन पातळ्यांत १६ एमबीची फाइल मावते, तीन पातळ्यांत १ जीबीची. फाइलमधली पेजं बहुधा सलग वाचली जातात, म्हणून खणही दाट भरतात आणि जागा फारशी वाया जात नाही. विखुरलेल्या क्रमांकांसाठी मात्र ही रचना उधळी आहे.

मला यातला सगळ्यात देखणा भाग वाटतो तो खुणांचा. एखादं पेज बदललं की त्याच्या खणावर खूण पडते आणि ती वरच्या नोडपर्यंत चढते. बदललेली पेजं शोधताना वर खूण नसेल तर ती अख्खी फांदी सोडून देता येते.

स्लेटर आणि टारजन यांच्या १९८५ च्या स्प्ले झाडाची गोष्ट उलटी. नुकतं वापरलेलं मुळाशी आणायचं, ही कल्पना फाइलींसाठी छानच. पण त्यात नुसतं शोधलं तरी झाड हलतं, म्हणजे प्रत्येक वाचन हे लेखन ठरतं आणि दोन वाचक एकत्र आत जाऊ शकत नाहीत. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने पेजांच्या नोंदीसाठी स्प्लेच ठेवलं होतं. १० व्या आवृत्तीत, २०१४ साली, त्याऐवजी रॅडिक्स आलं.

रॅडिक्स नुसतं वाचताना हलत नाही, याचा फायदा लिनक्सने २००८ मध्ये उठवला: २.६.२७ पासून आरसीयूच्या (वाचकांना लॉकशिवाय वाचू देणाऱ्या पद्धतीच्या) आधारे पेज शोधायला झाडाचा लॉक लागेनासा झाला. २०१८ अखेरच्या ४.२० मध्ये त्याच रचनेवर मॅथ्यू विलकॉक्स यांचा एक्सअ‍ॅरे बसला. आतून झाड तेच, फक्त वापरणाऱ्याला ते न संपणाऱ्या अ‍ॅरेसारखं दिसतं आणि लॉकची व्यवस्था आतच असते. डिसेंबर २०२२ च्या ६.१ मधलं मेपल ट्री बी-ट्रीच्या घराण्यातलं. ते प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, मेमरीतल्या पट्ट्यांसाठी आलं आणि तिथलं रेड-ब्लॅक झाड गेलं. पट्ट्यांना सुरुवात-शेवट लागतो, पेजांना नुसता क्रमांक, म्हणून पेज कॅश एक्सअ‍ॅरेवरच राहिला.